चेतक परत आली, पण मेस्त्रीचं काय?

दसऱ्याच्या दिवशी कोणत्याही गावात सकाळी फेरी मारली तर घरोघरच्या गाड्या धुऊन-पुसून अंगणात उभ्या दिसतात. हँडलला झेंडूची माळ, मडगार्डवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. या रांगेत गेल्या काही वर्षांत एक नवी पाहुणी दाखल झाली आहे. तिला किक नाही, सायलेन्सर नाही, धूर नाही. ही विजेवर चालणारी स्कूटर. शहरात तिचे कौतुक होऊन गेले. आता ती तालुक्याच्या बाजारपेठेतून आत, मळ्यातल्या वस्तीपर्यंत जाऊ लागली आहे.

गाडी चालवायला स्वस्त आहे, बायामाणसांना आणि वयस्करांना सोपी आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण शोरूममधून घरी आलेल्या नव्या गाडीभोवती शेजारीपाजारी जमले की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा हमखास हा येतो : "बंद पडली तर नीट कोण करणार?"

हा प्रश्न जुन्या खोडांचा आडमुठेपणा नव्हे. स्कूटर खेड्यात पन्नास वर्षे टिकली ती केवळ कारखान्याच्या जोरावर नाही. ती गावात दुरुस्त होत होती म्हणून टिकली. हे ध्यानात घेतले नाही तर विजेच्या गाडीचा हिशोब कागदावर जमेल आणि घरात चुकेल.

साताऱ्याची 'प्रिया'

सातारा जिल्ह्याला स्कूटर काही परकी नाही. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांना या कारखान्याने पगार दिला. सायकलला डबा अडकवून कामावर जाणारा तरुण स्वतः स्कूटर बनवत होता, हेच त्या वेळी अप्रूप होते.

तिकडे आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' बाजारात आणली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. त्याच वर्षी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) फिरोदियांच्या कायनेटिकने पायडल असलेली 'लुना' काढली. म्हणजे पुणे, नगर, सातारा या पट्ट्यातच देशाच्या दुचाकीचा मोठा संसार उभा राहिला.

त्या काळी पैसे मोजून गाडी लगेच मिळत नव्हती. किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याचे बंधन होते. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. चेतकसाठी काहींना दहा-दहा वर्षे थांबावे लागले. नंबर लागलेला माणूस गावात भाग्यवान समजला जाई आणि वापरलेली गाडीही नव्याच्या भावात किंवा त्याहून चढ्या दराने विकली जाई. लग्नाच्या बैठकीत स्कूटरची मागणी होऊ लागली, ती याच टंचाईतून वाढलेल्या प्रतिष्ठेमुळे. जावयाच्या स्कूटरसाठी मुलीच्या बापाने रान गहाण टाकल्याच्या गोष्टी जुन्या माणसांना आजही आठवतात. ती बाजूही विसरता येत नाही.

पुढे मोटारसायकलींचे दिवस आले. चढाला दमदार आणि लिटरमागे जास्त पळणारी मोटारसायकल शेतकऱ्याला परवडू लागली. साताऱ्याच्या कारखान्यातले स्कूटरचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटरचा धंदाच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीतल्या महामंडळाच्या २७ टक्के भागभांडवलाचा लांबलेला वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला आणि ते भाग बजाज समूहाकडे गेले. गंमत अशी की त्याच २०१९ च्या ऑक्टोबरात 'चेतक' हे नाव पुन्हा पुढे आले. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक विक्रीला निघाली आणि २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेवरच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही विजेवर परत आली.

नावे तीच आहेत. यंत्र मात्र मुळापासून बदलले आहे.

लिंबाखालचे गॅरेज

जुन्या स्कूटरचे यंत्र टू-स्ट्रोक. झडपा नाहीत, कॅम नाही, साखळी नाही. पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर, प्लग आणि पॉइंट एवढा संसार. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे. लिटरला साधारण २० मिलि हे प्रमाण शाळेत न गेलेल्यालाही तोंडपाठ. ऑईल कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट.

म्हणून स्कूटरचा आजार बहुधा ठरलेला असे आणि औषधही. चालू होईना तर प्लग काढून पुसायचा. तरी होईना तर गाडी आडवी करून पुन्हा उभी करायची. जेटमध्ये कचरा असेल तर काढून फुंकर मारायची. क्लचची वायर तुटली तर डिकीत दुसरी ठेवलेलीच. पंक्चर झाले तर स्टेपनी आहे. रिम दोन भागांची असल्याने नट सोडले की ट्यूब हातात येते. चढाला गाडी दम टाकू लागली तर सायलेन्सर काढून शेकोटीत घालायचा, आतला कार्बन जळून गेला की गाडी पुन्हा वाऱ्यावर. रस्त्यात बंद पडलेली गाडी दहातली सात वेळा मालकाच्याच हाताने चालू होई.

उरलेल्या तीन वेळांसाठी मेस्त्री होता. एसटी थांब्याजवळ, लिंबाखाली किंवा पत्र्याच्या शेडात. खाली ऑईलने काळी झालेली जमीन, भिंतीला टांगलेले पाने, रॉकेलचा डबा, हवेचा पंप आणि "तो बारा-तेराचा दे रे" म्हटले की धावत येणारा एक पोरगा. मेस्त्रीने कुठले प्रमाणपत्र घेतलेले नसे. उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढली, मार खाल्ला, सुट्टे भाग धुतले, मग एक दिवस इंजिन खोलायला मिळाले. कान हेच त्याचे यंत्र. गाडी वळणावर असतानाच तो आवाजावरून सांगे, "पॉइंट गेलाय, प्लगला हात नका लावू."

या धंद्याची खरी ताकद त्याच्या उधारीत होती. ऊस गेल्यावर पैसे, दुधाचा पगार झाल्यावर पैसे, यात्रेला पाव्हणे येऊन गेल्यावर पैसे. कंपनीचे वर्कशॉप हे करत नाही, करू शकतही नाही. सुट्टे भाग तालुक्याला मिळत, तिथे नाही मिळाले तर पुण्याच्या नाना पेठेत हमखास. बोअर करायचा तर लेथवाला होता. रंगाला, वेल्डिंगला, शिटाच्या कव्हरला माणूस वेगळा. एका स्कूटरच्या मागे गावातली पाच-सहा घरे जगत होती. खंडेनवमीला मेस्त्री पाने-पकडी मांडून पूजा करतो ती उगीच नाही. त्याची शेती तीच आहे.

गाडीने काय काय ओढले

खेड्यातली स्कूटर कधी नुसती माणसांची सवारी नव्हती. पाय ठेवायच्या सपाट जागेत खताचे पोते, पेंडीची बॅग, गॅसची टाकी, बी-बियाण्याच्या पिशव्या आणि पुढे उभे राहिलेले पोर एवढे सगळे मावे. 'एम एटी'च्या दोन्ही अंगाला किटल्या अडकवून गवळी भल्या पहाटे डेअरी गाठत. पाववाला, पोस्टमन, पशुवैद्यक, गावोगाव फिरणारा शिक्षक, कापडाचे गाठोडे घेऊन बाजार करणारा व्यापारी, सगळे याच गाड्यांवर. एसटी जिथे दिवसातून दोनदाच जात होती, तिथे आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याचे काम कितीदा तरी स्कूटरने केले.

मुलींच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा १९८४ नंतर आली आणि शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेविका यांना दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. आज अंगणवाडीताई आणि आशाताई स्कूटरवरून वाड्या-वस्त्या करतात, त्याची सुरुवात तिथे आहे. विजेची स्कूटर वजनाने आणि चालवण्याने याच वाटेवरची पुढची पायरी आहे. म्हणून तिची दुरुस्ती हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही. गाडी आठ दिवस उभी राहिली तर एखाद्या ताईची सगळी फिरती बंद पडते, गवळ्याचे दूध नासते.

जुन्या गाडीचेही दिवस कठीण

"मग जुनीच वापरू की," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शहरात तर जुन्या चेतकला पुन्हा भाव आला आहे. हौशी तरुण आजोबांची गाडी अडगळीतून काढतात, रंगवतात, लग्नाच्या फोटोसाठी सजवतात. मूळ भाग मिळवून देणाऱ्या मेस्त्रीला त्यामुळे काही काम मिळते. हौस म्हणून ठीक आहे, पण रोजच्या वापराला तीन अडचणी आहेत.

पहिली कागदाची. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. त्याची दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती २००० रुपयांवर नेण्यात आली. पर्यावरण कर वेगळाच.

दुसरी पाटीची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकाची पाटी बसवणे राज्यात सक्तीचे झाले. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. मुदत वेळोवेळी वाढली, नियम मात्र कायम आहे.

तिसरी पेट्रोलची, आणि ती ऊसपट्ट्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने आधी ठरवलेल्या २०३० ऐवजी २०२५ मध्येच गाठले. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसाचे आहे, त्यावर आपल्या कारखान्यांचे आणि पर्यायाने शेतकऱ्याच्या बिलाचे गणित आहे. पण जुन्या स्कूटरचे रबरी पाईप, वायसर, ऑईल सील हे अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साठून गंज धरतो. जुनी गाडी ठेवायचीच असेल तर पाईप आणि सील नव्या पद्धतीचे बसवून घ्यावेत, टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करू नये.

विजेच्या गाडीचा हिशोब

आता नव्या गाडीकडे वळू. साधारण ३ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. आपल्या रस्त्यांवर, चढ-उतारात, दोन माणसे बसवून ती ८० ते ९० किलोमीटर चालली असे धरू. रोजचे ३० किलोमीटर असतील तर विजेचा खर्च दहा-बारा रुपये येतो. चांगली पेट्रोल स्कूटर लिटरला ५० किलोमीटर चालली तरी तेवढ्याच अंतराला साठ-पासष्ट रुपये जातात. दिवसाला पन्नास रुपये वाचले तर तीनशे दिवसांचे पंधरा हजार होतात. एखाद्या घराला ही रक्कम लहान नाही. शिवाय ऑईल नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही.

मग घोडे पेंड खाते कुठे? पहिली गोष्ट चार्जिंगची. गावठाणात वीज बऱ्यापैकी असते. मळ्यातल्या घरात मात्र ती शेतीच्या लाईनवरून येते, दाब कमी-जास्त होतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे नियमात बसत नाही आणि यंत्राच्याही हिताचे नाही. घरगुती जोडणी, १५ अँपिअरचा चांगला सॉकेट आणि खरीखुरी अर्थिंग या तीन गोष्टी आधी हव्यात. आपल्याकडे अर्थिंगची तार पुष्कळ घरांत कुठेच जोडलेली नसते. वायरमनला शंभर-दोनशे रुपये जास्त द्या, पण हे काम गाडी येण्याआधी करून घ्या.

दुसरी गोष्ट बॅटरीची. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरींनी पेट घेतला. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यामुळे त्याआधी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेताना दहा वेळा विचार करावा.

मेस्त्रीच्या हातून काय सुटले

विजेच्या स्कूटरचे दुखणे कानाने ओळखता येत नाही. बॅटरीवर देखरेख ठेवणारी सर्किटे, मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलर आणि या सगळ्यावरचे सॉफ्टवेअर हे कंपनीच्या लॅपटॉपवरच बोलतात. बॅटरीचा डबा सीलबंद. बाहेरच्या माणसाने उघडला तर वॉरंटी गेली. तो उघडणे धोक्याचेही आहे. स्कूटरच्या बॅटरीचे व्होल्टेज घरच्या विजेपेक्षा कमी असले तरी पान्याने शॉर्ट झाले तर क्षणात जाळ होतो. मेस्त्रीच्या वीस वर्षांच्या अनुभवाला इथे दार बंद आहे.

ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉकअप, वायरिंगचे जोड, दिवे एवढे काम त्याच्याकडे उरते. टू-स्ट्रोक गेले तेव्हा तो फोर-स्ट्रोक शिकला. दोन्ही यंत्रे लोखंडाचीच होती, खोलून बघता येत होती. या वेळी खोलून बघायलाच मनाई आहे. पोरगा हाताखाली ठेवून शिकवायचे तरी काय, हा त्याच्यापुढचा पेच आहे. म्हणून गॅरेजातल्या पोरांची संख्या घटली आणि जुना मेस्त्री आपल्या मुलाला "तू काही या धंद्यात येऊ नको" म्हणू लागला तर नवल नाही.

नुकसान एकट्या मेस्त्रीचे नाही. गाडी बंद पडली की ती टेम्पोत घालून तालुक्याला किंवा थेट जिल्ह्याला न्यावी लागते. टेम्पोचे भाडे, एक दिवसाची मजुरी, भाग येईपर्यंतची वाट. इंधनात वाचवलेले पंधरा हजार अशा तीन-चार फेऱ्यांत बरेचसे खर्ची पडू शकतात. आणि तिथे उधारी चालत नाही.

घेण्याआधी विचारा

गाडीचा रंग आणि हप्ता ठरवण्याआधी खालील गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात.

बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? तीन वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर हे बऱ्याच काळ सर्वसाधारण प्रमाण होते, आता काही कंपन्या जास्त मुदत देतात. त्यात बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळते, हेही विचारावे.

सर्वांत जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे? रस्त्यात बंद पडल्यास गाडी उचलून नेण्याची सोय आपल्या गावापर्यंत आहे की फक्त शहराच्या हद्दीत?

वॉरंटीनंतर बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर यांची आजची किंमत काय? ती ऐकूनच गाडी घ्यावी.

नोंदणी आणि लायसन्स लागत नाही असे सांगून गाडी विकली जात असेल तर सावध. ही सवलत ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या गाड्यांनाच आहे. वेग वाढवून दिलेली अशी गाडी अपघातात सापडली तर विमा मिळणार नाही आणि गुन्हा मात्र चालकावर येईल.

सरकारी अनुदानाचे आकडे वर्षागणिक बदलत आले आहेत. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, बिलात किती वजा झाले ते पाहावे.

तालुक्याने करावयाचे काम

मेस्त्रीला या नव्या कामात आणणे अशक्य नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचा स्वतंत्र ट्रेड मंजूर आहे. पण तो दहावी झालेल्या, दोन वर्षे पूर्ण वेळ देऊ शकणाऱ्या मुलांसाठी. चाळिशीतल्या मेस्त्रीने गॅरेज बंद ठेवून तिथे बसायचे कसे? त्याच्यासाठी बाजाराचा दिवस सोडून, आठ-पंधरा दिवसांचे, मराठीतून आणि प्रत्यक्ष गाडीवर शिकवणारे वर्ग तालुक्याच्या गावी घ्यायला हवेत. सुरक्षितपणे वीज तोडणे, मीटरने तपासणी, चार्जर आणि वायरिंगची दुरुस्ती, बिघाड बॅटरीत आहे की बाहेर एवढे ओळखणे, हे त्याला नक्की जमेल. ज्याने कानाने पॉइंट ओळखला त्याला मीटर वाचणे जड नाही.

कंपन्यांनीही एक पाऊल पुढे यावे. प्रत्येक मोठ्या बाजाराच्या गावी एका स्थानिक मेस्त्रीला अधिकृत मान्यता द्यावी, साधे भाग त्याच्याकडे ठेवावेत आणि त्याने काम केले म्हणून वॉरंटी रद्द करू नये. दूध संघ, साखर कारखाने, सोसायट्या सभासदांसाठी एकत्र गाड्या घेऊ लागल्या तर ही अट घालण्याची ताकद त्यांच्याकडे आहे. एकट्या गिऱ्हाईकाला कंपनी विचारत नाही, दोनशे गाड्यांच्या मागणीला विचारते. ग्रामपंचायतींना बाजारतळावर मीटर आणि अर्थिंगसह दोन-चार चार्जिंगचे सॉकेट देता येतील. तिथेच मेस्त्रीला गाळा मिळाला तर उत्तम.

प्रिया, चेतक आणि लुना या गाड्या खेड्याने आपल्या केल्या, कारण त्या खेड्यातल्या हातांनी दुरुस्त होत होत्या. विजेची गाडी येणार, ती यायलाच हवी. पण तिच्याबरोबर दुरुस्तीची विद्याही गावात यावी यासाठी आग्रह धरला पाहिजे, आणि तो गाडी विकत घेण्याआधी धरला पाहिजे. एकदा बिल फाडल्यावर शोरूमवाला चहा पाजेल, मेस्त्री देणार नाही.